बेलफास्टचं स्वस्त तिकीट

आयर्लंडहून परतल्यापासून सोसायटीतल्या बायका मला दोनच प्रश्न विचारतात. नात कुणासारखी दिसते आणि थंडी किती होती. पहिल्याचं उत्तर मी कितीही वेळ देऊ शकते. दुसऱ्याला मी "पुष्कळ होती" एवढंच म्हणते, कारण खरं सांगायला बसले तर चहा गार होईल. माझे हातपाय ज्या दिवशी सर्वांत जास्त गार पडले, त्या दिवशीचा हिशेब थंडीच्या खात्यावर टाकता येत नाही. तो दिवस इथे लिहून ठेवते. आमच्यासारखे आईबाप हल्ली लेकीसुनांच्या बाळंतपणाला फार जातात, त्यांतल्या एकाला तरी उपयोग होईल.

आधी आमची ओळख. मी मुळातच भित्री. गॅस बंद केलाय ना, हे बघायला दुसऱ्या मजल्यावरून परत चढून येणारी. आमचे हे त्याच्या बरोब्बर उलट. यांनी नोकरीची एकतीस वर्षं मिरजेच्या वेशीवर जकात नाक्यावर काढली. ट्रक ड्रायव्हर खोटं बोलतोय का हे त्याच्या पायांकडे बघून ओळखता येतं, असा यांचा दावा. एरवी यांची भाषा शुद्ध, कागदी. पण घाबरले की लहानपणची गावाकडची बोली तोंडात येते. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांचा ताप थर्मामीटरने मोजला असेल, पण भीती नेहमी याच खुणेने मोजली.

मुलगी मुग्धा डॉक्टर. पुण्यात शिकली, आता डब्लिनच्या एका सरकारी रुग्णालयात आहे. जावई निखिल सॉफ्टवेअरमध्ये. दोघं राहतात ल्यूकनला. डब्लिनच्या पश्चिमेला घरांच्या रांगाच रांगा आहेत, सगळी घरं एका साच्यातली. पहिल्या आठवड्यात हे शेजारच्या दाराला आपली किल्ली लावून पाच मिनिटं झटत होते. आतून बाई आली, म्हणाली, "यू'र ग्रँड," आणि आमचं दार दाखवलं. इथे सगळंच ग्रँड असतं. सोनोग्राफी ग्रँड, पाऊस पडला तरी ग्रँड.

ग्रँड नव्हतं ते मुग्धाचं ब्लड प्रेशर. दिवस भरायला महिना उरला होता, आणि तिला विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी तीच वैतागली.

"आई, तू माझ्याकडे अशी बघतेस ना, की माझं बीपी तिथेच वाढतं. जा गं दोघं कुठेतरी फिरून या. निखिल उद्या शॅननला चाललाय कामाला, पण शेजारची शिवॉन आहे. मी मस्त झोपणार आहे."

"आम्ही रेल्वेने फिरतो. समुद्राकाठाने जाते ती," हे म्हणाले.

मुग्धाला वाटलं आम्ही तासाभराच्या अंतरावर कुठल्यातरी बंदराच्या गावी जाऊन मासे बघून येणार. यांनी मात्र गुपचूप टॅबवर बसून बेलफास्टचं जायचं-यायचं तिकीट काढलं होतं. कसलीशी ऑफर होती. मलासुद्धा स्टेशनवर पोचेपर्यंत सांगितलं नाही. सरप्राइज.

डब्लिन ते न्यूरी

जानेवारी संपत आला होता. आठ वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं. बसथांब्यावर गवत पांढरं होऊन ताठ उभं राहिलं होतं, पाय ठेवला की पापडासारखं मोडायचं. मी दोन स्वेटर, त्यावर मुग्धाचा कोट, डोक्याला मफलर. हे माकडटोपीत. परदेशात माकडटोपी घालू नये असं निखिल लाजत लाजत दोनदा सुचवून गेला होता. यांनी ऐकलं नाही, आणि त्या सकाळी मला हेवा वाटला.

गाडी मात्र देखणी. आत ऊब, चारजणांना मिळून एक टेबल, आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. आमच्यासमोर एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. डब्लिन सुटलं की डाव्या-उजव्या दोन्ही हातांना पाणी येतं. ओहोटी होती, चिखलात बगळ्यासारखे पक्षी एका पायावर उभे. मग समुद्र अगदी रुळांपाशी. द्रोहेडाला नदीवर फार उंच पूल आहे, गाडी त्यावरून हळू जाते आणि खाली गावातली घरं, धुराडी, वाळत घातलेले कपडे दिसतात. एवढ्या थंडीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईबद्दल मला आदर वाटला. हे खुशीत होते. तिखटमिठाच्या दशम्यांचा डबा उघडू का, असं दोनदा विचारून झालं होतं.

डंडाक स्टेशननंतर डोंगर सुरू झाले. माथ्यावर बर्फाची रेघ. आणि यांच्या खिशात फोन वाजला.

मेसेज होता. हे चष्मा लावून वाचायला लागले आणि वाचता वाचता ओठ हलायचे थांबले. मी फोन ओढून घेतला. युनायटेड किंग्डममध्ये आपलं स्वागत, एवढं पहिलं वाक्य मला समजलं.

"फसवणुकीचा मेसेज आहे. उघडायचा नाही," हे म्हणाले.

"पण त्या लोकांना कसं कळलं आपण गाडीत आहोत ते?"

मी समोरच्या आजोबांना विचारलं. इंग्रजी माझं जेमतेम, पण भीतीने माणूस पटकन शिकतो. आजोबांनी कोड्यावरून डोकं वर केलं.

"तुम्ही आता उत्तरेत आहात. सीमा मघाशीच गेली. तो एक ओढा लागला ना, तिथेच कुठेतरी."

"म्हणजे हा दुसरा देश?"

ते हसले. "हा प्रश्न इथे जपून विचारायचा असतो हं. पण कागदोपत्री, हो."

"मग गाडी थांबवत नाहीत? कुणी बघत नाही?"

"पूर्वी थांबवायचे. सैनिक असायचे, बंदुका असायच्या. आता नाही. आता ग्रँड आहे."

हे खिडकीबाहेर बघत होते. मागे सरकत गेलेल्या त्या ओढ्याकडे बघत असावेत. एकतीस वर्षं यांनी वांग्याची हातगाडीसुद्धा पावतीशिवाय आत सोडली नाही. आणि स्वतः एक देश ओलांडून दुसऱ्यात शिरले, ते दशमीचा विचार करत.

मग वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय न्हाई हुत. गप बस तू."

बोली आली होती.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलीसवरलेली माणसं, हे कसं माहीत नाही? वर्तमानपत्रात वाचलेलं होतं की हो. पण मुग्धाच्या जिन्यात बेटाचा नकाशा लावलाय, सगळा एका हिरव्या रंगाचा. टीव्हीवर हवामान सांगतात ते अख्ख्या बेटाचं. तिकीट काढताना पासपोर्ट मागितला नाही, स्टेशनवर मागितला नाही. आपल्याकडे विमानतळावर किती रांगा लावून, किती शिक्के मारून सोडतात! परदेश म्हणजे विमान, असं आमच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आगगाडीतून, डबा मांडीवर घेऊन परदेशात जाता येतं हे मनात आलंच नाही.

आणि पासपोर्ट? ते घरी. हरवतील म्हणून मुग्धाच्या खोलीतल्या कपाटात, ज्याला ती आता 'प्रेस' म्हणते, त्यात सर्वांत वरच्या कप्प्यात साड्यांखाली. यांनी पाकीट काढून बघितलं. आत आधार कार्ड होतं, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड होतं, आणि रक्तगट लिहिलेला कागद होता.

"आधार हाय की," हे म्हणाले.

न्यूरीला गाडी थांबली. उतरावं का? तिकीट ठरल्या गाडीचंच होतं. बाहेर फलाटावर वारा इतका की एका माणसाची टोपी उडून रुळांवर गेली. उतरून करायचं काय, कुणाला विचारायचं, आणि विचारलं म्हणजे आपणच आपल्याला पकडून दिल्यासारखं होणार नाही का? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो आणि दारं बंद झाली.

बेलफास्ट

निखिलने फोन उचलला तेव्हा आम्ही बेलफास्टच्या स्टेशनात, एका खांबाला टेकून उभे होतो. स्टेशन नवं, चकचकीत, वर लाकडी छत. एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं.

"बाबा, कुठे आहात म्हणालात?" त्याच्या मागे ऑफिसातले आवाज येत होते, मग दार लावल्याचा आवाज आला. "बेलफास्ट? आई गं! बाबा, तुमचा व्हिसा फक्त इकडचा आहे, आणि सिंगल एंट्री, म्हणजे एकदा बाहेर पडलं की त्यावर परत आत येता येत नाही. काहींच्या व्हिसावर दोन्हीकडे चालेल असं छापलेलं असतं. तुमच्यावर नाहीये, मी तेव्हाच चेक केलं होतं."

"मग आता?"

"जाताना सहसा कुणी बघत नाही. येताना कधीकधी पोलीस चढतात गाडीत. रोज नाही. रँडम असतं."

मी फोन घेतला. "निखिलराव, चढले तर?"

जावई चांगला आहे, खोटा दिलासा देता येत नाही त्याला.

"आई, मला खरंच माहीत नाही. उतरवून घेतील, चौकशी करतील. बहुतेक समजून घेतील. पण परत पाठवूही शकतात. मी इथल्या एका वकिलाला विचारतो. तुम्ही विचारलं तर खरं तेच सांगा, काही बनवून सांगू नका. आणि प्लीज, मुग्धाला यातलं काही कळू देऊ नका."

ते सांगायची गरज नव्हती.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. तुरुंगाची, दंडाची, अपमानाची भीती नंतर आली. आधी एकच चित्र डोळ्यासमोर आलं, की मुग्धाला वेणा सुरू झाल्यात आणि मी मिरजेत आहे. माझ्या बाळंतपणाच्या आधी माझी आई गेली होती. मी कळा देत होते तेव्हा माझा हात धरला होता शेजारच्या मुल्लाणीकाकूंनी. त्या माउलीने खूप केलं, पण मी आईला हाका मारत होते. मुलगी झाली म्हटल्यावर मी त्याच खाटेवर ठरवलं होतं, हिच्या वेळी मी असणार. त्यासाठी मी गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलून आले होते. आणि आता ते सगळं एका स्वस्त तिकिटाने धोक्यात आणलं होतं.

"तुमची ती ऑफर," मी म्हणाले.

"चुकलं माझं," हे म्हणाले. चाळीस वर्षांत तिसऱ्यांदा. मला आणखीच भीती वाटली.

परतीची गाडी चारची होती. पाच तास काढायचे होते. ज्यांना फुकटात शहर बघायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, तिथल्या सिटी हॉलमध्ये तिकीट लागत नाही. हिरव्या घुमटाची पांढरी इमारत, आत संगमरवर, रंगीत काचा आणि गरम पाण्याचे पाइप. दारात गणवेशातला रखवालदार उभा होता. त्याला बघून मी यांचा हात इतका घट्ट धरला की हे कळवळले. रखवालदाराने दार उघडून धरलं आणि "आत या, बाहेर फार गार आहे" म्हणाला. मी त्याला तीनदा थँक्यू सर म्हटलं. आत हे प्रत्येक पाटी वाचत होते, परीक्षेला बसल्यासारखे. मी पाइपला पाठ लावून उभी राहिले. रंगीत काचांतून कुठल्या राजाराण्या होत्या, विचाराल तर मला एकही आठवत नाही.

मग बाजार. जुन्या लाल विटांचा झाकलेला बाजार आहे, आत मासे, पाव, जुनी पुस्तकं, लोकरीचे मोजे. भाजलेल्या कांद्याचा वास आला आणि भूक लागली आहे हे कळलं. एका बाईकडे चहा मागितला. यांनी नोट पुढे केली. बाईने ती उलटीपालटी करून परत दिली. "इथे युरो नाही चालत, लव्ह." राणीचं, राजाचं चित्र असलेलं नाणं लागतं. त्या क्षणापर्यंत मला कुठेतरी आशा होती की निखिलचंच काहीतरी चुकलं असेल. कार्डने पैसे द्या, बाई म्हणाली. हे म्हणाले, नको, कार्डावर नोंद राहते.

बाहेर बाकावर बसून दशम्या काढल्या. चटणीतलं तेल थिजून तुपासारखं झालं होतं. मी दशमी तोंडाशी नेली आणि कोंबडीएवढा समुद्रपक्षी कुठूनसा झेपावला, दशमी घेऊन समोरच्या पुतळ्याच्या खांद्यावर जाऊन बसला. मी अशी किंचाळले की रस्त्यातली माणसं थांबली. हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बोंबलू नगंस! लोकं बघाय लागल्यात." आधी पक्ष्याने लुटलं, वर मलाच गप्प केलं.

बसून थंडी वाजायला लागली म्हणून चालायला लागलो आणि चालत चालत एका भिंतीपाशी पोचलो. भिंतीबद्दल यांना माहीत होतं. दोन वस्त्या, दोन पंथांच्या, पूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. मध्ये भिंत घातली ती अजून आहे. मुग्धाच्या दुमजली घराहूनही कितीतरी उंच. रस्त्यात लोखंडी फाटक, ते संध्याकाळी बंद करतात. मी अलीकडून बघितलं, मग फाटकातून पलीकडे जाऊन बघितलं. दोन्हीकडे तीच लाल विटांची घरं, तेच दाराबाहेरचे कचऱ्याचे डबे, खिडकीत तेच लेसचे पडदे. ज्या ओढ्यावर देश बदलतो तिथे काठीसुद्धा रोवलेली नाही, आणि इथे एकाच गावातल्या दोन गल्ल्यांमध्ये हे. मला भिंतीची भीती वाटली नाही, उलट जरा बरंच वाटलं. निदान दिसत तरी होती.

भिंतीवर प्रवासी लोक नावं लिहितात. एक टॅक्सीवाला चारपाच गोऱ्या पाहुण्यांना माहिती सांगत होता, त्याने आमच्याकडेही पेन पुढे केलं. "या, तुमचं नाव लिहा, कुठून आलात ते लिहा!"

यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि मागे सरकले. "सही न्हाई करायची," मला म्हणाले, "पुरावा हुतोय."

त्या दिवसात मी हसले ती तेवढीच एकदा. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना.

परतताना एक पोलिसांची गाडी आमच्या बाजूने हळू झाली. करड्या रंगाची, काचांवर जाळ्या, रणगाड्याची धाकटी बहीण. काच खाली आली. आतल्या मुलीने विचारलं, वाट चुकलात का? आम्ही दोघांनी एकदमच स्टेशनचं नाव घेतलं. तिने सरळ जाऊन उजवीकडे वळायला सांगितलं, काच वर केली, गेली. मी तिथेच एका दारासमोरच्या कठड्यावर बसले. दगड बर्फासारखा गार. उठवेना.

परत

चारच्या गाडीत आमच्या टेबलाशी एक बाई येऊन बसली. पन्नाशीची असेल, काळी, भरदार, डोक्याला पिवळा रुमाल. नाव ग्रेस. मूळची झिम्बाब्वेची. चौदा वर्षं आयर्लंडमध्ये, द्रोहेडाला वृद्धाश्रमात काम करते, बहिणीकडे बेलफास्टला आली होती. हे सगळं तिने सांगितलं ते मी विचारलं म्हणून नाही. माझ्याकडे बघून तीच बोलायला लागली, थरथरणाऱ्या माणसाशी बोलत राहायचं असतं हे तिच्या कामात तिला माहीत असणार.

"ममा, तुम्ही कापताय," ती म्हणाली. थर्मासमधून चहा ओतला. दूध घातलेला, साखर भरपूर, अगदी आपला. मी दोन्ही हातांनी कप धरला आणि मग माझा बांध फुटला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मुग्धा, तिचं बीपी, ओढा, व्हिसा, साड्यांखालचे पासपोर्ट. माझी आई नव्हती तेसुद्धा. हे मला टेबलाखालून पाय मारत होते, मी थांबले नाही. ग्रेस ऐकत होती. मध्ये मध्ये फक्त "एह" म्हणायची.

"डंडाकला चढतात कधीकधी," शेवटी ती म्हणाली. "चढले तर खरं सांगा. खोटं बोलून कुणाचं बरं झालेलं मी बघितलं नाही."

बाहेर काळोख पडला होता. न्यूरी गेलं. तो ओढा कधी गेला कळलं नाही, पण यांचा फोन पुन्हा वाजला, आयर्लंडमध्ये स्वागत. हात रिकामे ठेववेनात म्हणून मी पिशवीतून विणकाम काढलं. बाळासाठी पिवळा स्वेटर, एक बाही राहिली होती. टाके पडत होते, उसवत होते, पण सुया हलत्या ठेवल्या. मनात एक वाक्य पाठ करत होते: सर, वी मेड अ मिस्टेक. सर, वी मेड अ मिस्टेक.

डंडाक आलं. खिडकीतून फलाटावर दोन निळे कोट दिसले.

आमच्या डब्यात एकच जण आला. तरुण, गोरा, गालांवर थंडीचा लाल रंग. सावकाश येत होता, दोन्ही बाजूंना बघत. शब्दकोडंवाल्या आजोबांसारखे चारपाच गोरे होते, त्यांना मान हलवून पुढे. एक मुलगी झोपली होती, तिच्यावरूनही पुढे. मी मान वर केली नाही. यांनी आधार कार्ड काढून मुठीत धरलं होतं, कोपरे वाकेपर्यंत.

तो आमच्यापाशी पोचायच्या आतच ग्रेसने पर्समधून प्लॅस्टिकचं फोल्डर काढून टेबलावर ठेवलं होतं. त्याने सभ्यपणे विचारलं, ओळखपत्र बघू का. तिने कार्ड दिलं. त्याने ते उलटं करून बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुठे गेला होतात? बहिणीकडे. बहीण कुठे राहते? कुठे काम करता? किती वर्षं? पासपोर्ट आहे का? तिने पासपोर्ट दिला. नोकरीचं पत्र न मागताच दिलं. प्रत्येक उत्तर एकाच आवाजात, शाळेतल्या मुलीने पाढे म्हणावेत तसं. तो थँक्यू म्हणाला, कागद परत दिले आणि माझ्याकडे वळला.

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं.

त्याची नजर स्वेटरवर होती. "बाळासाठी?"

"येस," मी म्हणाले. "माय डॉटर. शी इज डॉक्टर."

"कधी आहे?"

"नेक्स्ट मंथ."

त्याचा सगळा चेहरा सैल झाला. "माझ्या बायकोला मार्चची तारीख दिलीय," तो म्हणाला. "पहिलंच. आम्ही दोघं घाबरून गेलोय. तुमच्या मुलीचं सगळं सुखरूप होऊ दे." आणि टोपीला हात लावून पुढे गेला.

दार उघडलं, बंद झालं. गाडी हलली.

ते वाक्य माझ्या जिभेवरच राहिलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या क्षणी मात्र असलं काही सुचलं नाही. अंगातून कुणीतरी गाठी सोडल्यासारखं झालं, मी टेबलावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुटलो," शुद्ध मराठीत म्हणाले.

डोकं वर केलं तेव्हा ग्रेस कागद फोल्डरमध्ये लावत होती. कार्ड, पासपोर्ट, पत्र, विजेचं बिल, ठरलेल्या क्रमाने, एकेका कप्प्यात. घाई नव्हती तिला. मला एकदम शरम वाटली. जिच्याकडे सगळं होतं तिची तपासणी झाली होती, आणि आमच्याकडे काहीच नव्हतं.

"सॉरी," मी म्हणाले.

"तुम्ही का सॉरी, ममा? मुलगी वाट बघतेय तुमची. हे चांगलं झालं." खरंच मनापासून म्हणाली. मग द्रोहेडाचे दिवे दिसायला लागले तशी उठली, कोटाची बटणं लावली, माझा रिकामा कप थर्मासवर फिरवून बसवला. जाताना स्वेटरच्या बाहीला दोन बोटं लावून बघितली.

"मला तीन नातवंडं आहेत," ती म्हणाली. "कुणी कधी विचारलं नाही."

आणि उतरली.

घरी पोचल्यावर मी मुग्धाला सगळं सांगितलं. लपवायचं असं ठरलेलं असूनही, दार उघडताना तिचा चेहरा बघितला आणि राहवलं नाही. ती आधी यांच्यावर ओरडली, मग माझ्या गळ्यात पडली, आणि बीपी मोजलं तर आदल्या दिवसाहून कमी भरलं. निखिलने वकिलाच्या सल्ल्याने घडलं ते जसंच्या तसं लिहून तिथल्या व्हिसा खात्याला कळवलं. ठरल्या तारखेला आम्ही रीतसर परत आलो. तुम्ही जाल तेव्हा व्हिसा नीट वाचा, पासपोर्ट बरोबर ठेवा, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या स्वस्त तिकिटाच्या नादी लागू नका.

त्या प्रवासानंतर तीन आठवड्यांनी नात झाली. मी होते. मुग्धाने माझा हात असा आवळला की बांगडी वाकली, ती मी अजून सरळ केलेली नाही. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा सुईण, डॉक्टर, झाडणारी बाई, सगळ्यांनी मला विचारलं, पहिलीच का, नाव काय ठेवणार. मी प्रत्येकीला हसून सांगत होते आणि मला ग्रेसचं ते शेवटचं वाक्य आठवत होतं. त्या संध्याकाळी मी तासाहून जास्त वेळ तिच्यासमोर बसले होते, तिचा चहा प्यायले होते, माझ्या मेलेल्या आईपर्यंत सगळं तिला ऐकवलं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं.